जिथं नाव घेता येतं

ब्रसेल्स,
८ ऑक्टोबर २०२३

ती. नाना,
जयभीम.

फोनवर तुम्ही सगळ्यालाच 'व्हय' म्हणता. परवा मी विचारलं, गुडघ्याच्या गोळ्या संपल्या का, तर व्हय. मग विचारलं, शिल्लक आहेत का, तरी व्हय. राजेंद्रदादा आणि मेघा वहिनी दोघंही म्हणाले, कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंय. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं पत्रा ठोकून गेलेले कान आता फोनच्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नाही. डोळे अजून चांगले आहेत, म्हणून पत्र लिहिते. अक्षर मोठं काढलंय.

मायला जाऊन चार महिने झाले. माझं इथं बरं चाललंय. हॉस्पिटलमधलं काम नेहमीचंच. माझी काळजी करू नका.

एक नवीन गोष्ट सांगते. मी राहते त्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी सुताराचं दुकान होतं. ती जागा मोरोक्कोतून येऊन इथं स्थायिक झालेल्या लोकांच्या मंडळानं भाड्यानं घेतलीय. दर रविवारी दुपारी तिथं वाजवतात. माझ्या खोलीची लाकडी जमीन त्या आवाजानं धमधमते. जून-जुलैत मला ते सहन होईना, म्हणून एकदा तक्रार करायला खाली गेले. दार उघडलं ते तुमच्याच वयाच्या एका काळ्यासावळ्या माणसानं. त्यांनी मला आधी बसवलं, पुदिन्याचा चहा दिला, आणि मग विचारलं, काय काम होतं. मला तक्रार करायची होती हे तोवर मी विसरले होते.

त्यांचं नाव मबारक. विशीत इथं आले ते मेट्रोचे बोगदे खणायला, नंतर जन्मभर फरशा बसवल्या. लोक त्यांना 'माल्लम' म्हणतात. आपल्याकडं उर्दूत गुरुजींना मुअल्लिम म्हणतात, तोच हा शब्द. त्यांचं वाद्य म्हणजे गुंब्री. एकाच लाकडातून कोरलेली लांबट पेटी, वर उंटाचं कातडं ताणलेलं, आणि तीन तारा. आवाज इतका खर्जातला, की कानाच्या आधी पोटाला लागतो. बाकीचे लोक हातात लोखंडी टाळ घेऊन साथ करतात. त्यांचे पूर्वज गुलाम होते, वाळवंट ओलांडून आणून विकलेले. गाण्यांत अल्लाचं नाव असतं, संतांची नावं असतात, आणि मधेच असे शब्द येतात ज्यांचा अर्थ आता कुणालाच माहीत नाही. माल्लम म्हणतात, चाळीस वर्षांपूर्वी या सबंध शहरात हे येणारे तिघंच होते. आता या एका भागात सहा मंडळं आहेत, आणि इथंच जन्मलेली पोरं-पोरी शिकायला येतात.

मी नुसती ऐकत बसते. बरं वाटतं.

तुमची,
करुणा


पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
५ नोव्हेंबर २०२३

चि. करुणा,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. राजेंद्रनं वाचून दाखवू का विचारलं, मी नको म्हणालो. माझं मी वाचलं, दोनदा.

इथं सगळे ठीक. पाणी आठ दिवसांआड येतंय, तवा मेघा घरातली सगळी भांडी भरून ठेवते. दौलताबादच्या रस्त्याला सीताफळवाल्या बायका बसायला लागल्यात. तुझ्या मायला सीताफळ लई आवडायचं. मी घेतलं नाय.

आता तू लिहिलंय त्याबद्दल. तू शिकलेली आहेस, चाळिशीला आलीस, तुला काय ऐकावं अन काय नाय हे सांगायचं माझं वय गेलं. तरी एक गोष्ट सांगतो, जी तुला अर्धीच माहीत असंल.

माझा बाप, म्हणजे तुझा आजा फकिरा, गावाचं डफडं वाजवायचा. लग्न पाटलाच्या घरचं, वाजवून वाजवून बोटं फुटायची माझ्या बापाची, अन जेवायला बसवायचे उकिरड्याच्या कडंला. आषाढात मरीआईच्या गाड्याम्होरं त्यानंच वाजवायचं. वाजवायला लागलं की बायांच्या अंगात यायचं, केस सोडून घुमायच्या, अन गावातले मोठे लोक लांब उभं राहून हसायचे. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मागोमाग आमच्या वस्तीनंबी घेतली. त्या दिवशी बापानं डफडं दगडावर आपटून फोडलं. मी पाच-सहा वर्षांचा होतो. कातडं फाटताना बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात ते वाजलं नाय. मी शाळेत गेलो, आयटीआय केली, तू परदेशात नर्स झालीस. ह्या सगळ्याची सुरुवात त्या फुटलेल्या डफड्यापासून आहे, असं मी मानतो.

त्या लोकांचंबी कातडं, धूप, संत, अंगात येणं असलंच असणार. तू लिहिलं नाय, पण मला वास येतो. चहा पी, माणुसकी ठेव. बाकीच्यापासून चार हात लांब राहा.

तुझा,
नाना


ब्रसेल्स,
२० जानेवारी २०२४

ती. नाना,
जयभीम.

दोन महिने उत्तर दिलं नाही. रागावले होते असं नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. धूप असतो. सात रंगांच्या ओढण्या असतात, आणि प्रत्येक रंगाची वेगळी गाणी. त्या-त्या गाण्याला बसलेल्यांपैकी कुणीतरी उठतं, मान हलवत डुलायला लागतं, कधी पडतं. सोबतच्या बाया धरतात, अंगावर ओढणी टाकतात. त्यांच्या देशात हे रात्रभर चालतं. इथं शेजाऱ्यांसाठी दुपारचं जेवण झाल्यावर सुरू करतात आणि रात्री दहाच्या आत आवरतात. पण नाना, इथं लांब उभं राहून हसणारं कुणी नसतं. पडणारा आणि वाजवणारा, दोघं एकाच वस्तीतले.

माल्लमना मी आजोबांचं सांगितलं. त्यांनी माझ्या पेल्यात पुन्हा चहा ओतला. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी बरोबर केलं. दुसऱ्याच्या दारात वाजवायला लावलं तर मीही फोडलं असतं. आमच्याकडून नावं घेतली, भाषा घेतली. हे एवढं आम्ही आमच्यासाठी लपवून ठेवलं." मला एक विचारायचं होतं. आजोबांना वाजवायला आवडायचं का? पाटलाचं लग्न आणि मरीआई सोडून, नुसतं वाजवायला?

इथं एक वाईट गोष्ट घडलीय. डिसेंबरात माल्लमना झटका आला. बोलणं सुधारलं, चालतात, पण डावा हात उठत नाही. तारा दाबायचा तोच हात. त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी असतो, त्याला यात रस नाही. मंडळातली पुरुष मंडळी लोखंडी टाळ छान वाजवतात, पण गुंब्रीवरची सगळी गाणी क्रमानं कुणालाच येत नाहीत. येतात ती फक्त त्यांच्या मुलीला. झोहरा तिचं नाव. माझ्यापेक्षा थोडी मोठी आहे, शहरातली बस चालवते. पोरीबाळींनी टाळ वाजवलेले माल्लमना चालतात, पण गुंब्री बाईच्या हातात द्यायची नाही, ती पुरुषाकडून पुरुषाकडंच जायची, अशी त्यांची रीत. झोहरा अकरा वर्षं दाराआड ऐकून शिकली. मैत्रिणीच्या घरी एक जुनी गुंब्री ठेवलीय, तिथं वाजवते. हे तिनं फक्त मला सांगितलंय, आणि मी तिला शब्द दिलाय. तुम्ही इतके लांब आहात, म्हणून तुम्हाला लिहिते.

तुमची,
करुणा


पडेगाव,
११ फेब्रुवारी २०२४

करुणा,
जयभीम.

सरळ विचारतो. तू कामावर जातेस का?

तुझी मैत्रीण रूपाली, नर्सिंगला तुझ्या संगं होती ती, राजेंद्रला घाटी दवाखान्यात भेटली. तिला वाटलं आम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, करुणाला तीन महिने रजेवर बसवलं होतं, आता बरी आहे का? राजेंद्र घरी येऊन माझ्यासमोर नुसताच बसला. मी पाटी हातात दिली तवा त्यानं लिहिलं.

ऑक्टोबरच्या पत्रात तू लिहिलंस, कामाचं नेहमीचंच. म्हणजे तवापासून तू खोटं लिहीत होतीस. मी बहिरा आहे म्हणून तू पत्र लिहायला लागलीस, असं मला वाटलं. आता वाटतं, पत्रात तोंड दिसत नाय म्हणून लिहीत होतीस.

अजून एक विचारतो, अन खरं सांग. तुझ्या अंगात येतं का तिथं? तू बघायला बसतेस का उठतेस? आपल्या घरात हे कधी नव्हतं. तुझ्या मायला असलं काही कधीच नव्हतं. तू हे कुठून घेतलंस?

आजाचं विचारलंस. त्याला आवडायचं का, हे त्याला कुणी विचारलं नाय. मीबी नाय.

नाना


ब्रसेल्स,
३ मार्च २०२४

ती. नाना,
जयभीम.

माफ करा. सगळं लिहिते.

माय गेली त्याचं तुम्ही कळवलंत, तेव्हा मी ड्युटीवर होते. विमान मिळून घरी पोचायला तिसरा दिवस उजाडला. पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. गेल्या सोळा वर्षांत मी परक्या लोकांच्या किती आयांचे डोळे मिटले असतील, मोजलेलं नाही. माझ्या आईजवळ मी नव्हते. मी रडलेही नाही. जलदान विधीला आलेल्यांना पाणी देत फिरले, बाराव्या दिवशी परत आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

ऑगस्टमध्ये वॉर्डात एक म्हातारी गेली. मायच्याच वयाची. मी तिचा हात धरला होता, तो मला सोडताच येईना. दोघींनी येऊन माझी बोटं सोडवली. मग मला रजा दिली. मी खोलीत पडून राहायची. झोप नाही, जेवण नाही. आठवड्यातून एकदा जमीन धमधमायची, तेवढाच मला दिवस कळायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी काळ्या ओढणीची गाणी चालली होती. मी भिंतीला टेकून बसले होते. कधी उठले ते मला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा झोहराच्या मांडीवर डोकं होतं आणि मी मोठ्यानं माय माय म्हणून रडत होते. मराठीत. कुणी थांबवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. माल्लम माझ्याकडं बघून तेच गाणं वाजवत राहिले, मी शांत होईपर्यंत. मग मला खजूर आणि दूध दिलं. त्या दिवशी मी चौदा तास झोपले. डिसेंबरपासून कामावर जाते, नीट जाते.

माल्लमना मी सांगितलं, मी बौद्ध आहे, भुतंखेतं, जिन्न काही मानत नाही. ते म्हणाले, "तू मानायला पाहिजेस असं कुणी म्हटलंय? तू रड."

नाना, आता मी विचारते. मायच्या जलदानाच्या दिवशी आशाबाई आत्या माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, तुझी माय एकदा पैठणकडं घुमली होती, तवा लई तमाशा झाला. तेवढ्यात तुम्ही आलात आणि आत्या गप्प झाली. तुम्ही लिहिलंत की मायला असलं काही कधीच नव्हतं. मग आत्या कशाबद्दल बोलत होती?

झोहराचं तसंच आहे. आता त्यांचे रोजे सुरू होतील, महिनाभर वाजवणं बंद. ईद झाल्यावर मंडळ पुन्हा बसेल तेव्हा गुंब्री कोण घेणार, यावर भांडणं लागलीत. दोघं-तिघं म्हणतात, मंडळच बंद करा.

तुमची,
करुणा


पडेगाव,
२४ मार्च २०२४

चि. करुणा,
जयभीम.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला लिहायला बसलो. तीन कागद फाडले. बापानं लेकीला हे लिहिणं मला जमना. म्हणून सोबतचं पत्र त्या मुअल्लिमला लिहिलंय. त्याला मराठी येत नाय, तुलाच वाचून सांगावं लागंल. म्हणजे तुलाबी कळंल.

त्या पोरीचं गुपित ह्यात आलंय. आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर पत्र तुझ्यापाशी ठेव. पण वाचलंस तर एकबी शब्द गाळू नको.

नाना

मबारकभाई,

सलाम आणि जयभीम. मी कडुबा हिवराळे, करुणाचा बाप. माझी लेक तुमच्या मांडवात रडली, अन तुम्ही तिला रडू दिलं, म्हणून आधी तुमचे उपकार मानतो.

आता माझं सांगतो. माझं लग्न झालं तवा मी चोवीस वर्षांचा होतो. बायकोचं नाव सत्यभामा. आमचं पहिलं पोरगं अठ्ठ्याहत्तर साली झालं, अन नऊ महिन्यांचं होऊन जुलाबानं गेलं. पैठणकडं तिच्या माहेराजवळ, कालव्याच्या कडंला पुरलं. तवा मी चळवळीत होतो. आमच्या विद्यापीठाच्या नावासाठी भांडण पेटलं होतं, आमची घरं जाळत होते, मी सभांना भाषणं करायचो. घरात रडायला येळ नव्हता. मी बायकोला म्हणालो, गेलं ते गेलं, आता त्याचं नाव काढायचं नाय.

पुढल्या वर्षी ती माहेरी गेली होती. तिथं मरीआईचा गाडा निघाला. आमच्या वस्तीतलं वाजवणं बंद झालं होतं, पण दुसऱ्या वस्तीचे लोक डफडं घेऊन आले. सत्यभामा बघायला उभी होती. ती घुमायला लागली. मी तिला न्यायला त्याच दिवशी पोचलो होतो. बघतो तर माझी बायको केस सोडून चार गावच्या लोकांत लोळतीय, अन पोराचं नाव घेऊन हाका मारतीय. मी, दर आठवड्याला अंधश्रद्धेवर भाषण करणारा माणूस. मी तिचा दंड धरला अन फरफटत बाहेर आणलं. लोकांदेखत बोललो, तुला लाज नाय का, आपण कोण आहोत विसरलीस का.

ती म्हणाली, "तिथं मला त्याचं नाव घेता येतंय."

मला ते ऐकू आलं होतं. तवा माझे कान धड होते. ऐकून मी म्हणालो, परत असं झालं तर मी तुला नांदवणार नाय.

परत झालं नाय. चव्वेचाळीस वर्षं ती माझ्यासंगं नांदली. दोन लेकरं वाढवली, शिकवली. वंदना म्हणायची, लेणीवर यायची, पौर्णिमेला उपोसथ करायची. मी समजलो ती विसरली. गेल्या वर्षी जून महिन्यात ती खाटेवर होती, तवा तिचे ओठ हलताना दिसले. मी बहिरा. मला काय ती बोलली कळलं नाय. मी नुसती मान हलवली, व्हय म्हणालो. त्या दिवशी ती गेली. ती कुणाला हाका मारत होती, मला नक्की सांगता येत नाय. पण मला वाटतं, मला माहीत आहे.

माझ्या बापानं डफडं फोडलं ते बरोबर होतं, असं मी अजून म्हणतो. पण मी जे फोडलं ते डफडं नव्हतं.

मी हे तुम्हाला का लिहितो ते सांगतो. तुमच्या लेकीनं तुमची विद्या अकरा वर्षं दाराआड उभं राहून घेतली. तुम्हाला माहीत नसंल. तुमच्या रीतीत तोंड घालायचा मला हक्क नाय. तुम्ही वाजवणारे, मी पत्रा ठोकणारा. पण दाराआड राहिलेल्या बाईसंगं मी जन्म काढलाय, अन तिकडून काही ऐकू आलं नाय म्हणून सगळं ठीक आहे असं समजलो. तुमचा हात गेला, कान तर शाबूत आहेत. एकदा तिचं ऐका. मग काय ते ठरवा.

आपला,
कडुबा फकिरा हिवराळे


ब्रसेल्स,
२८ एप्रिल २०२४

ती. नाना,
जयभीम.

तुमचं पत्र ईदच्या दोन दिवस आधी मिळालं. जिन्यातच उघडून वाचलं. मग तिथंच पायरीवर बसून राहिले.

तुमच्यावर राग आला. खोटं लिहीत नाही. पहिले चार दिवस तर फार आला. मायच्या चव्वेचाळीस वर्षांचा हिशेब तुमच्याकडं मागावा असं वाटत होतं. मग तुम्ही तीन कागद फाडले ते आठवलं. ते पडेगावच्या खोलीत एकट्यानं फाडले असणार.

झोहराला विचारलं. तिनं बस डेपोत उभी करून तिथंच ऐकलं. ती म्हणाली, "वाच. मी स्वतः सांगायला गेले तर मला धीर होणार नाही." ईद झाल्यावर एका दुपारी आम्ही दोघी माल्लमसमोर बसलो. मी तुमचं पत्र एकेक वाक्य फ्रेंचमध्ये सांगत गेले. एकही शब्द गाळला नाही. 'फरफटत' या शब्दापाशी मला बराच वेळ लागला. दाराआड शिकल्याचं आलं तेव्हा त्यांनी झोहराकडं पाहिलं, ती जमिनीकडं बघत होती. पत्र संपल्यावर ते उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दोन दिवस झोहराशी बोलले नाहीत.

एकवीस तारखेला रविवारी मंडळ बसलं. पंचवीसेक माणसं असतील. माल्लमची गादी रिकामी होती आणि तिच्यावर गुंब्री ठेवलेली. माल्लम आले, उजव्या हातानं गुंब्री उचलली आणि झोहराच्या मांडीवर ठेवली. तिच्या शेजारी जमिनीवर बसले. दोन जुने लोक उठून बाहेर गेले. त्यातला एक थोड्या वेळानं परत येऊन दारापाशी उभा राहिला, दुसरा गेला तो गेलाच. पहिली दोन गाणी तिनं घाईनं वाजवली. तिसऱ्याला माल्लमनी तिच्या गुडघ्यावर हातानं ठेका धरला, तेव्हा ती सावरली. पुढं पाच तास ती थांबली नाही. पांढरी, निळी, लाल, हिरवी, सगळी गाणी क्रमानं. काळी आली तेव्हा माझ्या शेजारची बाई उठली. मी तिला धरलं.

संपल्यावर माल्लमनी मला जवळ बोलावलं. सगळ्यांच्या देखत म्हणाले, तुझ्या बापाला सांग, मी ऐकलं. मग म्हणाले, पुढच्या बैठकीला सुरुवातीच्या प्रार्थनेत आम्ही आमच्या मेलेल्यांची नावं घेतो, त्यात तुझ्या आईचं आणि त्या बाळाचं नाव घेऊ. मुलाचं नाव काय होतं?

नाना, मला सांगता आलं नाही. मी चाळिसाव्या वर्षाला आलेय, आणि मला आणखी एक भाऊ होता हे मला वीस दिवसांपूर्वी कळलं. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही त्याचं नाव लिहिलेलं नाही.

बैठक दोन जूनला आहे. तुम्हाला चालणार असेल तर कळवा. नाही म्हणालात तरी मला कळवा, त्याचं नाव काय.

तुमची,
करुणा


पडेगाव,
२४ मे २०२४

चि. करुणा,
जयभीम.

राजेंद्र म्हणाला, पत्र बैठकीपर्यंत पोचणार नाय, फोटो काढून मोबाईलवर पाठवतो. तसं पाठवायला सांगितलंय. कागदबी पाठवतो.

तुझं पत्र वाचून आठ दिवस मी काही केलं नाय. मग एका दुपारी जेवताना राजेंद्र अन मेघाला सांगितलं. राजेंद्र हात धुऊन बाहेर गेला. मला वाटलं आता हा माझं तोंड बघणार नाय. तो परत आला अन पाटीवर लिहिलं, त्याचा वाढदिवस कधी असतो? मला साल माहीत होतं, तारीख नव्हती. राजेंद्रनं आशाबाईला फोन केला. तिला पाठ होती. बारा मे. दर वर्षी त्या दिवशी तुझी माय आशाबाईकडं जायची, अन दोघी दार लावून बसायच्या. मी समजायचो, नणंद-भावजयीचं काही असंल.

काल बुद्धपौर्णिमा झाली. सकाळी लेणीवर वंदना केली, अन तिथूनच राजेंद्रनं मला अन आशाबाईला गाडीत घालून पैठणकडं नेलं. कालव्याची कडा सगळी बदललीय. प्लॉट पाडलेत, तारा ओढल्यात. मी सांगितली ती जागा चुकीची निघाली. आशाबाई पुढं चालत गेली अन एका बाभळीपाशी थांबली. तिथं तीन धोंडे लावलेले होते. मी नव्हते लावले. आम्ही तिघांनी त्रिसरण म्हटलं. मग मी त्याला नावानं हाक मारली. एकदा मारल्यावर थांबता येईना. किती वेळा मारली ते राजेंद्रला विचार. त्यानं मला धरलं होतं.

मुअल्लिमला सांग, नाव घ्या. देवाकडं काही मागू नका, आमच्यात ते नाय. नुसतं नाव घ्या. अन आईचं आधी लावा, बापाचं मागून.

सुमेध सत्यभामा कडुबा हिवराळे.

हे त्यांना बोलायला अवघड जाईल. तुझी माय त्याला सुम्या म्हणायची. तसं म्हटलं तरी चालंल.

तुझा,
नाना